विहीर पावसानं आटली का वाळूनं, ते टेप टाकून बघा

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका तरुण द्राक्ष बागायतदाराचा आहे. येरळेच्या काठाला आजोबांनी पाडलेली ५० फुटी विहीर, पंधरा वर्षांपूर्वी मे महिन्यात पण दोन तास मोटर चालायची, आता जानेवारी संपायच्या आत फुटव्हॉल्व, म्हणजे मोटरच्या पाइपचं खालचं तोंड, उघडा पडतोय. वडील म्हणतात वाळूवाल्यांनी विहीर खाल्ली. चुलते म्हणतात पाऊस बेभरवशाचा झालाय, शिवारभर बोअर मारल्यात, वाळूचा काय संबंध. त्यात चुलत भावाचाच ट्रॅक्टर रात्री नदीत असतो. तर खरं कोण, आणि करायचं काय?

मी २८ वर्षं भूजलाच्या कामात घालवली, येरळा, अग्रणी, माणगंगा आणि इकडं कृष्णाकाठ, विहिरी मोजणं हाच धंदा. सरळ सांगतो, वडील आणि चुलते दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, पण तुमच्या विहिरीपुरतं उत्तर अंदाजावर सोडायची गरज नाही. ते मोजता येतं. घरात भांडण लावायच्या आधी मोजा.

पण आधी वाळू नदीत काय काम करते ते नीट डोक्यात बसलं पाहिजे, कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. आपली येरळा काय कृष्णेसारखी बारमाही नाही, पावसाळ्यात दहा-वीस दिवस पाणी वाहतं आणि मग वर सगळं कोरडं. आजोबांच्या काळात नदी दिसायला कोरडी असायची पण वाळूत हातभर खड्डा काढला की पाणी लागायचं, झिऱ्याचं पाणी पिऊन मोठी झालेली माणसं अजून आहेत गावात. ते पाणी वाळूच्या कणांमधल्या फटीत बसलेलं असतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, त्यातनं जे पाणी खरंच झिरपून बाहेर येतं ते धरा २० ते २५ टक्के, म्हणजे ब्रासमागं सहाशे-सातशे लिटर. ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण एक ब्रास. म्हणजे एका खेपेमागं नदीतली तीन बॅरल पाणी मावायची जागा गेली समजा.

आता चुलते म्हणतील, एवढंच? बरोबर आहे, आकडा एवढाच बघितला तर मोठा वाटत नाही. रात्रीला ४० खेपा, वर्षात ९० रात्री, म्हणजे ३,६०० ब्रास, २१-२२ लाख लिटरची जागा. एक एकर ठिबकवरच्या बागेला उन्हाळ्यात दिवसाला वीसेक हजार लिटर लागतं धरलं तर शंभरेक दिवसांचं पाणी. त्यानं अख्खं शिवार कसं वाळेल? खरा तोटा वेगळीकडं आहे आणि तो ब्रासमध्ये दिसत नाही. एक किलोमीटर लांब आणि ६० मीटर रुंद पात्रातनं वर्षाला ३,६०० ब्रास सहा वर्षं काढली तर सरासरी तळ एक मीटर खाली जातो, सव्वातीन फूट. तुमच्या विहिरीत एप्रिलला असायचंच किती पाणी, पाच-सहा फूट. काठाची विहीर नदीच्या तळाला बांधलेली असते बघा, नदीतली पातळी तीन फूट उतरली की विहिरीतली पण उतरते, आणि ते तीन फूट म्हणजेच तुमचं मार्च-एप्रिलचं पाणी. पावसाळ्यात कुणाला काही कळत नाही, विहीर तुडुंब दिसते. फटका आधी शेवटच्या दोन महिन्यांत, नेमका बागेला पाणी पाहिजे तेव्हा.

आणि हे सरासरीचं झालं. सगळीकडं सारखा उपसा कोण करतंय? एका जागी पोकलेन लावून दहा-पंधरा फूट घळ पाडतात, मग पुढच्या पुराला वरच्या अंगाची वाळू त्या खड्ड्यात ओढली जाते. खड्ड्याच्या वरच्या तोंडाशी पाण्याला उतार मिळतो, पाणी जोर धरतं, तळ कापत कापत वर सरकतं. म्हणून उपसा खालच्या गावात आणि बंधाऱ्याचा पाया उघडा पडला वरच्या गावात, असं होतं. वरच्या गावाला वाटतं बंधारा बांधणाऱ्या ठेकेदारानं सिमेंट खाल्लं. खाल्लंही असेल, पण आधी पाया बघा.

नेहमीचा दुसरा मुद्दा, "खड्डा पडला तर त्यात पाणी साठतंय की, उलट फायदाच." हे मी ग्रामसभेत शंभरदा ऐकलंय. साठतं ना, पण उघड्यावर साठतं. आपल्या भागात उघड्या पाण्याची वर्षाला दीड-दोन मीटर वाफ होते, वाळूत दोन-तीन फूट खाली बसलेल्या पाण्याला ऊन लागतच नाही. शिवाय खड्ड्याच्या तळाला पुराचा बारीक गाळ बसतो, चिखलाचा थर वाळला की खापरासारखा, त्यातनं पाणी खाली मुरायचं बंद. वाळू पार मुरमापर्यंत खरवडली असेल तर मग पाणी धरायला काहीच राहिलं नाही, पूर आला आणि गटारीतनं गेल्यासारखा गेला. आता पाणी योजनांचं आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, नदी-ओढ्यात सोडतात तेव्हा पण हाच प्रकार, वाळू असलेल्या पट्ट्यात त्या पाण्यावर काठाच्या विहिरी महिनाभर ओल्या राहतात, खरवडलेल्या पट्ट्यात पाणी पुढं निघून जातं आणि वर शेतकरीच म्हणतात पाणी कमी सोडलं.

मापाचं सांगतो. विहिरीची मोटर पूर्ण २४ तास बंद ठेवा, शेजाऱ्याची विहीर ५० फुटांवर असेल तर त्याला पण विनंती करा. मग विहिरीच्या काठावरचा एक पक्का दगड धरा, त्यावर रंगाची खूण करा आणि कायम तिथूनच मोजा. पाणी किती खाली, तळ किती खाली, आणि झरे किती खाली, तिन्ही वहीत लिहा. मग त्याच दगडापासून नदीचा आजचा तळ किती खाली ते काढा. गवंड्याची लेव्हलची नळी असते ना, पाणी भरलेली पारदर्शक, तीच टप्प्याटप्प्यानं नेत गेलं तरी चालतं, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका. डंपी लेव्हलवाला (उंची-सखलपणा मोजायचं सर्व्हेचं यंत्र असलेला) मिळाला तर तासाभराचं काम.

नदीचा जुना तळ कुठं होता हे लोकांना विचारू नका, प्रत्येकजण आपल्या कमरेवर हात ठेवून वेगळं सांगतो. पुलाच्या खांबाकडं बघा, वाळूत गाडलेला भाग आणि उघडा भाग यांचा रंग वेगळा असतो, ती रेघ म्हणजे जुना तळ. बंधाऱ्याच्या खालच्या फरशीची कड बघा, अधांतरी लोंबत असेल तर तेवढा तळ गेला. काठाच्या करंजाची, उंबराची मुळं हवेत आलेली दिसतील. जुनी जॅकवेल, म्हणजे नदीतनं पाणी उचलायची विहीर, असेल तर तिची आडवी पाइप आता किती उंचावर आहे ते मोजा.

आता निकाल कसा लावायचा. नदीपासून अर्ध्या किलोमीटरवरच्या, साधारण तेवढ्याच खोलीच्या दोन-तीन विहिरींचं पाणी पण त्याच दिवशी मोजा. त्यांची पातळी पण तुमच्याइतकीच गेली असेल तर चुलत्यांचं बरोबर, बोअरनी शिवार शोषलंय, वाळूवर सगळं ढकलू नका. लांबच्या विहिरी बऱ्या आणि फक्त काठाच्या विहिरी गेल्या असतील, आणि गेल्या ते फूट नदीचा तळ गेला त्याच्याशी जुळत असतील, तर वडिलांचं बरोबर. तिसरी खूण, चांगल्या पावसाच्या वर्षी काय झालं ते आठवा. तेव्हाही विहीर भरलीच नाही तर बोअर. सप्टेंबरला काठोकाठ भरली आणि डिसेंबरला निम्मी झाली, उपसा नेहमीएवढाच असताना, तर पाणी नदीकडं परत गळतंय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, वर्षातनं चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजतात, जवळची विहीर कुठली ते जिल्हा कार्यालयात विचारून तिचे जुने आकडे मागा, तुमच्या वहीशेजारी ते ठेवले की बोलणंच बदलतं.

एक विहीर सांगतो म्हणजे कळेल. येरळेच्याच काठची, गाव सांगत नाही, सत्तरी ओलांडलेले मालक. मी शिडीनं उतरलो, म्हातारबाबा वरनं बॅटरी दाखवतायत. २६ फुटांवर नदीच्या अंगाला दगडात मनगट जाईल एवढी फट, तोंडाशी पांढऱ्या क्षाराचा ओघळ वाळून गेलेला आणि फटीत कोळ्यानं जाळं केलेलं. वरनं आवाज आला, "सायेब, त्योच झरा. माझ्या बानं त्यात चिंध्या कोंबल्या तवा कुठं खालची खुदाई झाली." चिंध्या कोंबल्याशिवाय खाली खोदता येत नव्हतं असा झरा, आणि त्यात आता कोळी राहतोय. बाहेर येऊन नदीत लेव्हल लावली तर त्याच दगडापासून पात्र ३१ फूट खाली, मांजऱ्या खडक उघडा पडलेला. म्हणजे नदी झऱ्याच्या खाली पाच फूट. पावसाळ्यात विहीर भरली की त्याच फटीतनं पाणी उलटं नदीत जातं. झरा बंद पडला नव्हता, त्याची दिशा बदलली होती. बाबांनी मधल्या काळात दोन बोअर मारले होते, एक ४५० फूट, दुसरा ६००, दोन्ही फुफाटा. ती दोन बोअरची रक्कम आणि नदीच्या अंगाचा तो पट्टा वाळूला देऊन कुणाला मिळालेले पैसे, याचा हिशोब गावात कुणी मांडत नाही.

कृष्णाकाठाला मात्र वेगळी तऱ्हा आहे, तिथं विहीर आटायचा प्रश्न फारसा नाही, बंधाऱ्यांमुळं पाणी असतंच. तिथं काठ जातो. कृष्णेचा काठ म्हणजे वीस-तीस फुटांची काळ्या मातीची भिंत, तिच्या पायाशी वाळूचा भरणा असतो तो टेकू. यांत्रिक बोट लावून पाण्याखालनं तो टेकू ओढला की पुढच्या पुरानंतर, पाणी ओसरताना, ओली जड माती धाडदिशी खाली बसते. पूर चढताना दरड कमी पडते, उतरताना जास्त, हे लक्षात ठेवा, कारण लोक म्हणतात पुरानं जमीन नेली. २०१९ आणि २०२१ ला असं खूप ऐकलं. पूर तर येणारच हो, पण एकाच पुरात एका वळणावर चार गुंठे जातात आणि शेजारच्या वळणावर काहीच नाही, तेव्हा पायाशी काय झालं ते बघायला पाहिजे. सातबारावर क्षेत्र तेवढंच, शेतसारा तेवढाच, ऊस मात्र नदीत. मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची, जमीन एकदा गेली की परत तयार होत नाही. वर धोम, कण्हेर, कोयना, उरमोडी, तारळी अशी धरणं, नवा भरणा तिथंच अडकतो, आणि आपला काळा दगड झिजला तरी त्याची चिकणमाती जास्त होते, वाळू थोडी. म्हणजे दरवर्षी पूर येतो आणि नदी परत भरते हे जे ठेकेदार सांगतात ते त्यांच्या आजोबांच्या नदीबद्दल खरं असेल. त्याच काठाला पोयटा वीटभट्टीला विकणारे पण आहेत, दहा वर्षांचं भाडं एकदम मिळतं म्हणून. त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथं नको.

बाकीचा त्रास तुम्हाला माहीतच आहे, पाणंद रस्त्याची वाट, डंपरखाली फुटलेली पीव्हीसी पाइपलाइन (आणि ती आपल्याच खर्चानं जोडायची, नंबरप्लेटच नसते तर कुणाला धरणार), द्राक्षाच्या घडावर धूळ, रात्री बाई-माणसाला मोटर चालू करायला जायची भीती. आणि पात्रातले ते खड्डे, पाणी भरलं की वरनं सपाट दिसतात, पोहायला गेलेली पोरं त्यात जातात. याबद्दल जास्त लिहवत नाही.

आता कायदा, थोडक्यात पण कामापुरता. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम ४८, त्याचं पोटकलम ७, विनापरवाना गौण खनिज (त्यात वाळू आली) काढलं तर बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड, आणि पोटकलम ८ खाली वाहन-यंत्र जप्त. वाळू चोरी ही साधी चोरी म्हणून फौजदारी गुन्हा पण होतो, सुप्रीम कोर्टानं २०१४ लाच सांगितलंय की दोन्ही कारवाया एकदम चालू शकतात. वाळू तस्करांना एमपीडीए, म्हणजे धोकादायक माणसाला आधीच अडकवून ठेवायच्या कायद्याखाली, स्थानबद्ध करायची तरतूद पण आपल्या राज्यात आहे. परवाना असला तरी पावसाळ्यात उपसा नाही, रात्री नाही, तीन मीटरच्या खाली किंवा पाणी लागलं त्याच्या खाली नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालापासून पाच हेक्टरच्या आतल्या छोट्या गटांना पण पर्यावरण मंजुरी लागते. धोरणं मात्र सारखी बदलतात, २०२३ ला ६०० रुपये ब्रासचे सरकारी वाळू डेपो आले, २०२५ ला परत लिलाव आणि घरकुलाला पाच ब्रास मोफत. तक्रार करताना त्या दिवशी कुठलं धोरण चालू आहे ते तहसीलला विचारून घ्या, नाहीतर अर्जात जुना जीआर टाकला म्हणून फाइल परत येते.

कायदा भरपूर आहे, गळती पंचनाम्यात आहे. एकदा मी स्वतः हजर होतो, खड्डा समोर, आणि पंचनाम्यात लिहिलं "अंदाजे ४ ब्रास". मी टेप काढला, लांबी ६० फूट, रुंदी ४०, खोली सरासरी १०, म्हणजे २४,००० घनफूट, २४० ब्रास. कुठलं कार्यालय ते सोडा. दंड ब्रासवर लागतो, म्हणजे ४ लिहिले का २४० यावर त्या माणसाचा धंदा पुढच्या आठवड्यात चालू राहतो का बंद पडतो ते ठरतं. म्हणून पंचनामा होताना पंच म्हणून उभे राहा, तीन मापं पंचनाम्यात लिहून घ्या, सही करायच्या आधी वाचा. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी, तोही एकटा असतो बिचारा, रात्री चार ट्रॅक्टर अंगावर आले तर तो काय करणार, दिवसा त्याच्यासोबत दहा माणसं असली तर तोही २४० लिहितो.

रात्री एकट्यानं नदीत जाऊन व्हिडिओ काढायचा शहाणपणा करू नका. खड्डा सकाळी पण तिथंच असतो, पळून जात नाही. दिवसा जीपीएस तारखेसकट फोटो, खड्ड्यात काठी उभी करून, दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरनं. ग्रामसभेचा ठराव एका नावानं नको, गावाच्या नावानं करा. तहसीलदारानं दाद दिली नाही तर पुण्याला हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, कारवाईसाठी अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो आणि नुकसानभरपाईचा पाच वर्षांत, तिथं तुमची विहिरीची वही, निरीक्षण विहिरीचे आकडे आणि ते फोटो हेच चालतं. वडिलांचा राग तिथं पुरावा म्हणून चालत नाही.

मी वाळू विकायच्याच विरोधात आहे असं नाही हं. याच येरळेवर खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतनं बळीराजा स्मृती धरण उभं केलं, त्यासाठी पैसा कसा उभा केला तर नदीची वाळू आमची आहे म्हणून भांडून, त्यातली थोडी स्वतः विकून. वाळू थोडी गेली आणि बदल्यात पाणी अडलं. किती काढायची, कुठनं काढायची आणि पैसा कुठं जाणार हे गावानं ठरवलं होतं. आज ४० खेपांचा पैसा गावात किती राहतो ते तुमच्या चुलत भावालाच विचारा, त्याला डिझेल, हप्ता आणि "वरचं" जाऊन जे उरतं ते मला माहितीये.

त्याच्याशी भांडू नका असं मी म्हणेन. ट्रॅक्टर कर्जाचा, हप्ता महिन्याला, द्राक्षाचे दोन सीझन गेलेले, अशी पोरं नदीत उतरतात, शौक म्हणून फार थोडी. पण त्याला एक गोष्ट शांतपणे सांगा. ट्रॅक्टर पकडला तर जप्ती त्याच्या नावावर आहे, पैसे देणाऱ्याच्या नाही, आणि दंड भरला नाही तर बोजा सातबारावर चढतो. तुमचा सातबारा अजून सामाईक असेल तर तो बोजा तुमच्या पण गटावर दिसणार आणि पुढच्या वर्षी पीककर्जाला सोसायटीत गेलात की पहिला प्रश्न तोच. हे ऐकून माझ्या बघण्यातल्या दोघांनी ट्रॅक्टर नदीतनं काढून ऊस वाहतुकीला लावला, समजुतीनं नाही, बोजाच्या भीतीनं. चालतंय की.

मापाला चुलत्यांना पण सोबत घ्या, टेपचं वरचं टोक त्यांच्याच हातात द्या म्हणजे आकड्यावर नंतर वाद नको. पहिलं माप या महिन्यात, मग मार्च, मग मे, दरवेळी मोटर २४ तास बंद. आणि टेप १०० फुटी आणा, ५० फुटी मी पूर्वी वापरायचो, आता कित्येक विहिरींना पुरत नाही.